पोल्ट्रीच्या माश्या आणि गावाची वही

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावाला लागून साधारण 50 हजार पक्ष्यांचं लेअर फार्म, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे. तीन पावसाळे झाले, माश्या जेवू देत नाहीत. वास तर असतोच. विहिरीचं पाणीही बिघडलंय असं काहीजण म्हणतात. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, लोक मलाच विचारतात. मोर्चा काढावा, की कोर्टात जावं? मालक भावकीतलाच आहे."

ताई, भावकीचं तुम्ही शेवटी लिहिलंय, पण मी सुरुवात तिथूनच करतो. बाहेरची कंपनी असती तर गाव एक झालं असतं. इथे कुणाचा मुलगा फार्मवर कामाला असेल, कुणी तिथली अंडी बाजाराला नेत असेल, कुणाच्या द्राक्षबागेला तिथलंच कोंबडखत जात असेल. 'फार्म बंद करा' म्हटलंत की यातली सगळी घरं गप्प बसतील आणि तुमच्या मागे दहा-बारा माणसं उरतील. म्हणून पहिल्या दिवसापासून मागणी एकच ठेवा: माश्या आणि घाण फार्मच्या हद्दीबाहेर येता कामा नये. या मागणीला फार्मवर कामाला असणाराही मान हलवतो, कारण त्याच्याही घरी ताटावर ताट झाकूनच जेवावं लागतं.

मी पशुवैद्यक. पहिली 11 वर्षं लेअर फार्मचा सल्लागार म्हणून काढली, पुढची 15 अशाच तक्रारींच्या गावांत. शेडच्या आत काय चालतं ते मी पाहिलंय आणि बाहेरच्या घरात काय होतं तेही.

बाहेरचं आधी सांगतो. अशा एका गावात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जुलै होता. फार्मपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात चहा आला तो वाटीनं झाकलेला. म्हातारीनं सांगितलं, वाटी उचलायची, घोट घ्यायचा, परत झाकायची. पाळण्यावर भर दुपारी मच्छरदाणी. सून भाकरी थापत होती आणि तिची सात वर्षांची पोरगी परातीवर टॉवेल हलवत उभी होती. शाळेतून आली की तिचं रोजचं काम तेच. अंगणात कपडे वाळत घालायची काळी दोरी दिसली. मी हात लावला तशी ती काळी दोरी उडाली आणि खालून पांढरी नायलॉनची दोरी निघाली. थोरल्या नातवाच्या सोयरिकीला आलेले पाहुणे पोहे न खाताच उठून गेले होते. ही गोष्ट म्हातारीनं मला तासाभरात तीनदा सांगितली.

सरकारी अर्जात यातलं काहीच येत नाही. तिथे 'माश्यांचा प्रादुर्भाव होत आहे' एवढी एक ओळ जाते, आणि अधिकाऱ्याला त्या ओळीवरून काही दिसत नाही.

आता शेडच्या आत चला. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम ओली विष्ठा टाकते. 50 हजार पक्षी म्हणजे रोजची 5 टन, एक भरगच्च ट्रॉली. ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. पिंजऱ्याखाली हवा खेळती असली तर ती सुकत जाते आणि शंकूसारखा कोरडा ढीग उभा राहतो. अशा कोरड्या ढिगात माशी वाढत नाही. तिच्या अळीला ओल लागते. माशी एका वेळेला शंभराच्या आसपास अंडी घालते, आयुष्यात चार-पाच वेळा, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्याची उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक निपल, म्हणजे कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्याची तोटी, आठवडाभर गळत राहिला की त्याच्याखालचा दोन हातांचा पट्टा अख्ख्या आळीला पुरतील एवढ्या माश्या देतो. मी कुठल्याही शेडमध्ये गेलो की आधी खाली वाकतो आणि ढिगातलं मूठभर खत हातात आवळतो. भुगा होऊन सुटलं तर तिथे माशी नाही. बोटांच्या फटींतून लगदा आला, तर तो पसरून बघायचा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात, तांदूळ शिजताना हलतो तशा.

म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधणं हे सगळ्यात मोठं काम. गळके निपल, वळचणीचं पाणी शेडमध्ये ओढणारा उतार, पावसाची झड आत येऊ देणारी उघडी बाजू, शेडभोवती चरच नसणं. ही दुरुस्ती गवंडी आणि प्लंबर करतात. मालकाला मात्र औषध सोपं वाटतं. फवारा मारला की उडत्या माश्या मरतात, अळ्या ढिगात सुखरूप राहतात, आणि त्याच फवाऱ्यानं अळ्या खाणारे बारीक माइट आणि भुंगेरे मरतात. पंधरवड्यानं माश्या पूर्वीपेक्षा जास्त होतात. खत उचलतानाही तळापर्यंत खरवडून नेऊ नये. वीतभर जुना कोरडा थर ठेवला तर हे मित्रकीटक त्यात टिकून राहतात. आणखी एक: पूर्वी पोल्ट्रीत सर्रास वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस 2020 च्या अखेरीपासून देशात बंद आहे. त्याची बाटली शेडमध्ये दिसली तर ती वेगळी तक्रार होते.

मोर्चाबद्दल तुम्ही विचारलंत. मी सांगितलेल्या गावानं माझ्या आधी मोर्चाच काढला होता. गेटला कुलूप घातलं, घोषणा झाल्या, पेपरात फोटो आला. अधिकारी येणार ही खबर मालकाला तीन दिवस आधी पोचली. चुना पडला, फवारणी झाली, ओल्या जागांवर भाताचं तूस पसरलं गेलं. पाहणी झाली सकाळी 11 वाजता, कोरड्या दिवशी. अहवालात ओळ आली, 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' वर कुलूप लावणाऱ्या चार पोरांवर गुन्हा नोंदला गेला आणि त्याच्या तारखा दोन वर्षं चालल्या. त्या सबंध काळात गावाकडे स्वतःच्या बाजूनं पुढे करायला एक कागद नव्हता.

मग आम्ही वही धरली. सहा घरं निवडली: दोन फार्मला लागून, दोन गावाच्या मधोमध, दोन पार दुसऱ्या टोकाला. प्रत्येक घराच्या सोप्यात सोमवारी माश्यांची चिकट पट्टी टांगायची, पुढच्या सोमवारी उतरवून मोजायची. शेजारी एक पांढरं कार्ड, पोस्टकार्डाएवढं. माशी बसली की त्यावर बारीक काळे ठिपके पडतात, तेही मोजायचे. पोल्ट्रीतले लोक स्वतः शेडमध्ये हीच कार्डं लावतात, आणि आठवड्याला 50 च्या वर ठिपके गेले की उपाय करायची वेळ झाली असं धरतात. मालकाला त्याच्याच धंद्यातलं माप दाखवायचं, म्हणून कार्ड. वहीत रकाने थोडेच: तारीख, माश्या, ठिपके, पाऊस पडला का, वारा कुठून, वास किती (0 ते 5), खताची गाडी गेली का. बचत गटातल्या बायकांनी ती वही चार महिने चालवली आणि एकही सोमवार चुकवला नाही.

त्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, फार्मजवळच्या घरांतला आकडा पावसानंतर लगेच नाही, साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी उसळायचा. माशीच्या वाढीचा हिशेबच तो. यावरून मालकाला तारीख दाखवून विचारता आलं की त्या आठवड्यात शेडमध्ये पाणी कुठून शिरलं. दुसरी गोष्ट गावाला पचायला जड गेली. दुसऱ्या टोकाच्या एका घरातही आकडा मोठा होता, आणि त्याचा फार्मशी मेळ बसेना. शोधल्यावर सापडलं: बागायतदारांनी विकत आणलेलं कोंबडखत बांधावर उघडं, पावसात भिजत पडलेलं, आणि त्या घराचा स्वतःचा उकिरडा. ते लपवू या असं काहीजण म्हणाले. मी म्हटलं, आज आपण लपवलं तर पाहणीच्या दिवशी मालक तेच दाखवेल. ग्रामसभेनं आधी स्वतःवर ठराव केला: आणलेलं खत दोन दिवसांत मातीआड करायचं, नाहीतर ताडपत्रीखाली ठेवायचं. त्यानंतर गाव फार्मवर गेलं तेव्हा मालकाला तोंड वर करून बोलता येईना. तुम्हीही हे आधी करा, ताई. माझ्या सगळ्या अनुभवात याच्याइतकं काम दुसऱ्या कशानंच केलेलं नाही.

वहीची कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात, डुप्लिन आणि सॅम्पसन या काउंटींच्या (तिकडच्या जिल्ह्यांच्या) आसपास, डुकरांचे प्रचंड फार्म आहेत. राज्यात 80 लाखांच्या आसपास डुकरं. त्यांचं मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवतात आणि शेतांवर फवारतात. आजूबाजूला राहणाऱ्यांत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं फार. 1995 च्या जूनमध्ये तिथलं एक तळं फुटून सुमारे अडीच कोटी गॅलन घाण न्यू रिव्हर नदीत गेली, तेव्हा कुठे बाकीच्या जगाचं लक्ष गेलं. 1997 मध्ये अशा नव्या तळ्यांवर तात्पुरती बंदी आली, 2007 मध्ये ती कायमची झाली. जुनी तळी मात्र राहिली, आणि लोकांना सांगितलं जायचं की वास हा तुमच्या मनाचा खेळ आहे.

तिथल्या विद्यापीठातले साथरोगशास्त्रज्ञ स्टीव्ह विंग यांनी गावकऱ्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन एक अभ्यास केला. 16 वस्त्यांतल्या 101 माणसांनी सुमारे दोन आठवडे, दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी 10 मिनिटं घराबाहेर बसायचं, वास किती ते आकड्यात लिहायचं आणि स्वतःचा रक्तदाब मोजायचा. शेजारी हवेतला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या घाणीतून निघणारा वायू, मोजणारं यंत्र. यंत्राचा आकडा चढला तेव्हा लोकांनी लिहिलेला वासही चढला, आणि वासाबरोबर रक्तदाबही थोडा वर गेलेला दिसला. शेतमजूर, म्हातारी माणसं यांनी हातानं भरलेले रकाने मान्यताप्राप्त संशोधन म्हणून छापून आले. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ठरलेल्या वेळी लिहिणं. वास आला की लिहिलं तर समोरचा म्हणतो, तुम्ही वाईट दिवसच तेवढे लिहिलेत. शून्यही लिहिलेलं असलं की त्याला हे म्हणता येत नाही. तुमच्या वहीत शून्याचे दिवस जरूर असू द्या.

विंग यांच्या आधीच्या एका अभ्यासाची कागदपत्रं डुक्कर उत्पादकांच्या संघटनेनं वकिलांमार्फत मागितली होती. लोकांना दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी ओळख पटेल असा मजकूर काढून मगच ती दिली. म्हणून तुमच्या वहीतही घरांना क्रमांक द्या, नावं नकोत. कुणाचं घर कितवं, हा कागद एकाच माणसाकडे ठेवा. भावकीचं गाव आहे, कुणाच्या सुनेनं किती माश्या लिहिल्या हे पारावर चर्चेला यायला नको.

तिथली लढाई पुढे कोर्टात गेली. 500 च्या वर शेजाऱ्यांनी डुकरांच्या कंपनीवर दावे लावले, 2018 पासून ज्युरींनी एकामागून एक पाच निकाल शेजाऱ्यांच्या बाजूनं दिले, आणि 2020 च्या नोव्हेंबरात अपील कोर्टानं जबाबदारी कायम केल्यावर कंपनीनं तडजोड केली. पण याच काळात राज्याच्या विधिमंडळानं कायदा बदलून असे दावे पुढे लावणं फार अवघड करून ठेवलं. तळं फुटल्यापासून तडजोडीपर्यंत 25 वर्षं गेली. कोर्ट हा रस्ता आहे, पण आधी बाकीचं करून मग धरायचा, तो या कारणासाठी.

तुमच्या विहिरीकडे वळतो. पाण्याच्या वासावरून काही ठरवू नका. कोंबडखतातून जमिनीत उतरणारा खरा धोका नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या नत्राच्या क्षाराचा, आणि त्याला वास, रंग, चव काहीच नसतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलंय. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण ते शोधा, त्यात नायट्रेटची चाचणी आहे. किटनं जास्त दाखवलं तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. एक विहीर फार्मच्या उतारावरची आणि एक चढावरची, दोन्ही घ्या, मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. युरिया आणि शोषखड्ड्यांमुळेही नायट्रेट वाढतं, म्हणून चढावरच्या विहिरीचा आकडा हाताशी हवाच. आकडा जास्त आला तर कोर्टकचेरीची वाट न बघता आशाताईंकडून घरोघर निरोप द्या: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात हे पाणी घालू नका. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट घट्ट होतं.

आता कायदा, जेवढा लागेल तेवढा. एकाच ठिकाणी 25 हजारांच्या वर पक्षी असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा या दोन्हींखाली राज्य मंडळाचं संमतीपत्र लागतं. लहान पोल्ट्र्यांना मिळालेली सूट राष्ट्रीय हरित लवादानं 2020 मध्ये अमान्य केली, त्यानंतर या सूचना बदलल्या. त्यांत वस्ती आणि पाण्यापासूनचं अंतर, खताचा साठा, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट, सगळं आहे. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडून तीन गोष्टी मागा: संमतीपत्राची प्रत, त्यातल्या अटी, आजवरच्या पाहणीचे अहवाल. काही ठिकाणी एकाच कुंपणातली शेडं भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर दाखवून प्रत्येकाची संख्या 25 हजारांखाली ठेवलेली मी पाहिली आहे. सूचनेतले 'एकाच ठिकाणी' हे शब्द तिथे कामाला येतात, तेव्हा सातबारे आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीही काढून ठेवा.

दुसरा दरवाजा प्रांत अधिकाऱ्यांचा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 आता नागरिक सुरक्षा संहितेत 152 झालंय. एखाद्या धंद्यामुळे लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा येत असेल तर प्रांत त्यावर सशर्त आदेश काढू शकतात. याच कलमावर 1980 मध्ये रतलामच्या एका वॉर्डातल्या लोकांचा विजय सर्वोच्च न्यायालयानं कायम केला. तो खटला उघड्या गटारांचा होता, आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब न्यायालयानं ऐकली नाही. प्रांतांकडे वही घेऊन जा. चार महिन्यांचे आकडे समोर असले की पाहणीची तारीख पाऊस झाल्यानंतर दहा दिवसांची ठेवा, असं तुम्हाला मागता येतं. त्या गावात आम्ही नेमकं हेच मागितलं आणि पंचनाम्यात ओल्या ढिगातल्या अळ्या आल्या.

हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, भरपाई मागायची नसेल तर फी 1000 रुपये. मात्र कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. तुमचे तीन पावसाळे गेलेत, म्हणून हे पाऊल जाणत्या वकिलाला विचारूनच टाका. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी मुदत पाच वर्षांची आहे.

एका बाबतीत मात्र वही, ठराव कशासाठीच थांबू नका. नाल्यात किंवा रस्त्याकडेला मेलेल्या कोंबड्या एकदम मोठ्या संख्येनं पडलेल्या दिसल्या तर हात न लावता, मुलं आणि कुत्री लांब ठेवून त्याच तासाला पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरलाच सापडला होता. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांचे संसार त्यात कसे बसले ते मी जवळून ऐकलंय. लपवण्यात मालकाचंही भलं नसतं.

आमच्या त्या गावाचं पुढे काय झालं तेही सांगतो. मालकानं निपल बदलले, पत्र्याची वळचण तीन फूट बाहेर काढली, शेडभोवती चर खोदला, खत उन्हाळ्यातच उचलायचं आणि गाडी झाकून न्यायची हे कबूल केलं. हे सगळं ग्रामपंचायतीत, 100 रुपयांच्या स्टॅम्पवर, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. पुढच्या पावसाळ्यात पट्टीवरच्या माश्या फार्मजवळच्या घरांत निम्म्याहून खाली आल्या. ऑगस्टमध्ये अजूनही त्रास होतो. वास तर तेवढा कमी झालाच नाही, आणि वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या त्या म्हातारीच्या घराला तर फार फरक पडला असं मला म्हणवत नाही. दोन वर्षांनी मालकाला तिसरं शेड बांधायचं होतं. ग्रामसभेनं वही काढली, म्हातारीच्या घराचे आकडे वाचले आणि शेड गावाच्या उलट्या अंगाला नेलं तरच पाठिंबा, असा ठराव केला. ते शेड आता माळाच्या पलीकडे आहे.

तुमच्याकडे मे उजाडायला वेळ आहे. या सोमवारी सहा चिकट पट्ट्या आणा, कृषी सेवा केंद्रात मिळतात. मालकाला लपून काही करू नका. पट्ट्या लावायच्या आधी तुम्ही आणि भावकीतलं एखादं वडीलधारं माणूस जाऊन सांगा की आम्ही मोजतोय, आणि एक कार्ड तुमच्या शेडमध्येही लावा. तो नाही म्हणाला तर तेही तारखेसकट वहीत लिहा. पहिल्या चार आठवड्यांची पानं मला पाठवा. कोणत्या घराचा आकडा कशामुळे चढलाय ते आपण बसून बघू.